एका पैशाची शाई



घरभेटीला गेलो की हल्ली एक तक्रार फार ऐकू येते. मनच लागत नाही, असे कॉलेजात जाणारा मुलगा सांगतो. सोयाबीनचा खर्चही न निघालेले काका तेच सांगतात. मुले पुण्याला नोकरीला गेल्यापासून घरात एकट्या राहिलेल्या मावशीही तेच सांगतात. मन लागले की अभ्यास करू, मन लागले की शेताकडे बघू, मन लागले की प्रार्थनेला बसू, असे आपण धरून चालतो. आधी मन आणि मागून काम, हा क्रम आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की तो उलटा करून पाहावा, हे सुचतच नाही.

हा क्रम ज्यांनी उलटा करून दाखवला, अशा एका माणसाची ओळख आज करून द्यायची आहे. तो परक्या मुलखातला नाही. आपल्याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, चारशे वर्षांपूर्वी राहून गेला. त्यांचे नाव दासोपंत. अंबाजोगाईचे लोक त्यांना आदराने सर्वज्ञ दासोपंत म्हणतात. ते दत्तभक्त होते. त्यांची उपासना वेगळी, आपली वेगळी. पण ज्याने आयुष्याचा प्रत्येक दिवस देवापुढे हिशेबाने वापरला, अशा शेजाऱ्याकडून शिकायला आपल्याला संकोच वाटू नये.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ मध्ये, म्हणजे इसवी सन १५५१ मध्ये, बीदर भागातील नारायणपेठ येथे झाला. वडील दिगंबरपंत, आई पार्वतीबाई. घराणे वतनदार होते आणि वडिलांकडे सरकारी वसुलीचे काम होते. बीदरला तेव्हा बरीदशाही होती. परंपरेने आलेले चरित्र असे सांगते, की एका वर्षी पाऊसपाणी झाले नाही आणि दिगंबरपंतांना वसुलाची रक्कम खजिन्यात भरता आली नाही. दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. दरबाराने रकमेच्या बदल्यात त्यांचा मुलगाच ओलीस ठेवून घेतला. महिनाभराची मुदत दिली. मुदतीत पैसे आले नाहीत तर मुलगा घरी परत येणार नाही, असे बजावले.

तो मुलगा दासोपंत. मिसरूडही न फुटलेले वय. घर लांब, आईवडील लांब. रक्कम इतकी मोठी, की ती कुठून उभी राहणार हे त्यालाही माहीत नाही. दिवस मोजणे एवढेच हातात. कैद्याचे मन लागत नाही, हे सांगायला नको. पण या महिन्याची एक आठवण लोकांनी जपून ठेवली आहे. त्याच्या रोजच्या खर्चासाठी दरबारातून काही पैसे मिळत. ते तो स्वतःवर खर्च न करता दान करून टाकी, असे सांगतात.

बंधुभगिनींनो, या छोट्या गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. त्या मुलाच्या हातात काय होते? सुटका हातात नव्हती. वडिलांचे कर्ज हातात नव्हते. पाऊस तर नव्हताच. त्या दिवसभरात त्याच्या मालकीची एकच गोष्ट होती, सकाळी हातावर पडलेले ते पैसे आणि त्यांचे काय करायचे, हा निर्णय. त्याने तो रोज घेतला. ओलीस असलेला माणूस रोज थोडा वेळ का होईना देणारा माणूस झाला. घेणाऱ्याचा हात आणि देणाऱ्याचा हात यांत फरक असतो. देणाऱ्याचे मन पुरते कैदेत राहू शकत नाही.

पुढे मुदत संपण्याच्या वेळी दत्ताजी पाडेवार नावाच्या एका अनोळखी माणसाने येऊन सगळी रक्कम भरली आणि मुलगा सुटला, अशी कथा आहे. दासोपंतांनी त्या माणसात आपला देव ओळखला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तशीच ही. सुटून आलेला मुलगा मात्र पूर्वीचा राहिला नव्हता. काही काळाने त्याने घर सोडले. माहूरला बारा वर्षे तप केले, मग गोदाकाठच्या राक्षसभुवनला राहिला, असे परंपरा सांगते. राक्षसभुवन म्हणजे आपल्या गेवराई तालुक्यातले, शनीच्या देवळाचे. शेवटी दासोपंत अंबाजोगाईला आले आणि तिथेच स्थिरावले. इथवरची गोष्ट चमत्काराची आहे. पुढची रोजच्या कामाची आहे, आणि मला तीच जास्त मोठी वाटते.

अंबाजोगाईला दासोपंतांनी लिहायला घेतले. गीतेवरचा त्यांचा 'गीतार्णव' हा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे सांगतात. हा आकडा किती मोठा आहे पाहा. ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजार ओव्यांची. पैठणच्या एकनाथ महाराजांचे भागवत सुमारे अठरा हजार आठशे ओव्यांचे. म्हणजे एकटा गीतार्णव ज्ञानेश्वरीच्या जवळजवळ चौदा पट झाला. त्याशिवाय 'ग्रंथराज', 'गीतार्थबोधचंद्रिका', संस्कृत रचना आणि रागदारीत गायची पदे वेगळी. एकनाथ महाराज त्यांचे समकालीन होते आणि दासोपंतांची गणना एकनाथ पंचकात होते. पण मराठीत इतके विपुल लिहिणारा दुसरा माणूस शोधून सापडणे कठीण.

आता या लेखनाबद्दल लोकांनी काय लक्षात ठेवले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांना स्फूर्ती कशी येई, डोळे मिटून ते किती वेळ बसत, हे नाही. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, ही आठवण राहिली आहे. ढब्बू म्हणजे तांब्याचा जाड पैसा. एवढ्या मोठ्या पुरुषाची आठवण एखाद्या वाण्याच्या वहीतल्या खर्चासारखी उरली आहे. रोज, पैशाची, शाई. मला यातला पहिला शब्द सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

थोडा हिशेब करू. लिहायला तीस वर्षे मिळाली असे धरले, तर सव्वा लाख ओव्या म्हणजे दिवसाला अकरा-बारा ओव्या. अकरा-बारा ओव्या म्हणजे डोंगर नव्हे. अंगात थोडी कणकण असली तरी होतील, पाहुणे आले तरी उरकतील. सव्वा लाख हा आकडा ऐकून माणूस घाबरतो. अकरा ऐकून घाबरत नाही. पण त्या अकरा रोज झाल्या पाहिजेत. आज नाही झाल्या तर उद्या बावीस, परवा तेहेतीस, आणि आठवड्याने मन लागेनासे होते. आपल्यातील पुष्कळांचे मन लागत नाही, याचे कारण मनात नसते. ते साचलेल्या कामात असते.

एका पैशाची शाई आणली की आज लिहायचे की नाही, हा प्रश्नच उरत नाही. शाई वाळण्याआधी वापरायची, एवढेच राहते. आपली शक्ती कामात जितकी खर्च होते, त्याहून जास्त करू की नको या घोळात जाते. ज्याने तो घोळ एकदाच मिटवला, त्याची सकाळ मोकळी झाली.

याबाबतीत माझा अनुभव फार अभिमानाने सांगण्यासारखा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मला एक प्रबंध लिहायचा होता. विषय नेमका सवयी आणि सद्गुण यांचाच होता. मी चांगल्या जाड वह्या आणल्या, टेबल खिडकीशी ओढले आणि मन एकाग्र होण्याची वाट पाहू लागलो. दोन महिने वाट पाहिली. सवयीवर लिहिणाऱ्याला लिहिण्याची सवय नव्हती. शेवटी एका वयस्क फादरांनी मला रोज नाश्त्याआधी एक पान लिहून त्यांच्या दारातून आत सरकवायला सांगितले. पान चांगले की वाईट, हे ते विचारणार नव्हते. पहिली काही पाने खरोखरच वाईट होती. पण पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आले, की मन लागले आहे. ते पानांच्या आधी आले नाही, पानांच्या मागून आले.

हे मी पुस्तकात आधीच वाचलेले होते, फक्त कळले नव्हते. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी शिकवले, की माणूस न्यायाची कृत्ये करत करत न्यायी होतो आणि धैर्याची कृत्ये करत करत धैर्यवान होतो. वाद्य वाजवत वाजवत वादक व्हावा तसा. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार आपल्या धर्मज्ञानात आणला. एकोणिसाव्या शतकात विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंतांनी १८८४ मध्ये असे मांडले, की भावना आधी आणि शरीराची हालचाल मागून, असे आपण समजतो, प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते. आज नैराश्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि समुपदेशकही रुग्णाला मन प्रसन्न होण्याची वाट पाहायला लावत नाहीत. ठरलेल्या वेळी उठणे, अंगणात फेरी मारणे, एखाद्या माणसाला भेटणे अशी लहान कामे ते ठरवून देतात. हात हलला की मन हळूहळू मागे येते.

दासोपंतांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अंबाजोगाईत त्यांची पासोडी जपून ठेवली आहे. पासोडी म्हणजे पांघरायचे जाडेभरडे वस्त्र, हे तुम्हाला माहीत आहे. ही सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. त्या कापडावर त्यांनी आपल्या हाताने 'पंचीकरण' हा विषय लिहिला. ओव्या आणि आकृत्या यांनी कापड भरून टाकले. ओव्यांची संख्या सोळाशेच्या आसपास सांगतात. चाळीस फूट कापड एका बैठकीत लिहून होत नाही. जेवढे भरले तेवढे गुंडाळायचे, पुढचे उलगडायचे, असेच ते झाले असणार.

त्यातला विषयही समजून घेण्यासारखा आहे. आकाश, वायू, तेज, पाणी आणि पृथ्वी ही पाच तत्त्वे एकमेकांत मिसळून हे दिसणारे जग कसे बनते, त्याचा तो विचार आहे. त्यांचे प्रमाण रुपया-आण्याच्या भाषेत सांगतो. दिसणाऱ्या प्रत्येक तत्त्वात आठ आणे त्याचे स्वतःचे असतात. उरलेले आठ आणे इतर चौघांकडून येतात, प्रत्येकाकडून दोन-दोन आणे. नुसत्या आठ आण्यांचा रुपया होत नाही.

दासोपंतांनी हे जगाच्या रचनेविषयी लिहिले. आपल्या दिवसाला ते लावण्याचे धाडस मी माझ्या जबाबदारीवर करतो. आपल्या दिवसातले आठ आणे आपल्या हातात नसतात. तब्येत, पाऊस, बाजारभाव, सावकार, घरातल्यांचे स्वभाव हे सगळे त्यात आले. उरलेले आठ आणे मात्र दोन-दोन आण्यांनी येतात. रात्री किती वाजता अंथरुणाला पाठ टेकतो, हे दोन आणे. सकाळी उठल्यावर डोळे आधी उजेडाकडे जातात की मोबाईलकडे, हे दोन आणे. घरातल्या माणसाशी दिवसाचा पहिला शब्द कसा बोलतो, हे दोन आणे. आणि आजचे एक काम कालच ठरवून ठेवले आहे की नाही, हे दोन आणे. दोन आणे सांडले तर कुणी शोधत बसत नाही. पण चारही वेळा सांडले, की संध्याकाळी माणूस म्हणतो, आज दिवसच वाईट गेला.

इथे आपल्या घरातील एका माणसाची आठवण येते. दासोपंतांच्याच काळात, ते लिहीत होते तेव्हा, गोव्यात साष्टीला फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू राहत होते. जन्माने इंग्रज. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंत तिथलेच झाले. धर्मग्रामाची सगळी कामे सांभाळून त्यांनी परकी भाषा शब्द-शब्द करून आपलीशी केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. दासोपंतांनी देह ठेवला तो शके १५३७ च्या माघात, म्हणजे १६१६ च्या सुरुवातीलाच. एकाची लेखणी थांबली त्याच वर्षी दुसऱ्याच्या ओव्या छापून निघाल्या. दोघे कधी भेटल्याचे ऐकिवात नाही. पण ओवीच्या त्या लांब वाटेवर दोघेही रोज थोडे चालत होते.

आता एक अवघड प्रश्न. दासोपंतांनी एवढे लिहिले, त्यातले उरले किती? गीतार्णव पूर्ण मिळत नाही. सव्वा लाख पदे रचली असे सांगतात, त्यातली फार थोडी हाती आली आहेत. पासोडीही काळाने जीर्ण झाली आहे. मग ती रोजची शाई वाया गेली का?

हा प्रश्न आपलाही आहे. पेरलेले सगळे उगवत नाही. शिकवलेली सगळी मुले मार्गी लागत नाहीत. आजाऱ्याची सेवा करूनही तो जातो. मला वाटते, रोजच्या लहान निर्णयाची कमाई दोन ठिकाणी जमा होते. एक हिस्सा कामात जमा होतो. त्याला वाळवी लागू शकते. दुसरा हिस्सा करणाऱ्या माणसात जमा होतो. ओलीस असताना हातावरचे पैसे देऊन टाकणारा भेदरलेला मुलगा आणि अंबाजोगाईचा सर्वज्ञ यांच्यामध्ये हजारो दिवस आहेत, आणि त्या दिवसांनीच तो माणूस घडवला. ती कमाई कुणी हिरावून घेऊ शकत नाही. इस्राएली लोकांना रानात मान्ना मिळाला तोही रोजचा रोज, साठवला तर किडणारा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण भाकर मागतो ती आजच्यापुरती. देवालाही आपल्याशी रोजचाच व्यवहार आवडतो, असे दिसते.

एक सावधगिरी मात्र सांगतो. हे वाचून कुणी घरातल्या खचलेल्या माणसाला तू आळशी आहेस म्हणून टोचू नये. काहींचे मन न लागणे हा आजार असतो. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असे आठवड्यांमागून आठवडे चालले असेल, तर त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले, तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. माझ्याकडे आलात तर मीही सोबत येईन. आपल्या जिल्ह्याने अशी पुष्कळ माणसे गमावली आहेत. कर्जाचे दुखणे लवकर उठण्याने बरे होत नाही, हे मला कळते. पण मदत मागायला उंबरा ओलांडणे हासुद्धा एक लहान निर्णयच असतो, आणि कधी कधी तोच जीव वाचवतो.

दिवाळीनंतर आपल्यातील कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे जातात. मुकादमाची उचल डोक्यावर असते, पहाटे थंडीत फडात उभे राहावे लागते, रात्री गाडी भरायला बोलावणे येते. त्यांना वेळेचे नियोजन शिकवायला मी कोण? त्यांचे दिवस ओलीस असल्यासारखेच असतात. पण त्यांच्यातल्याच एका ताईंनी मला सांगितले, की कोपीत कितीही उशीर झाला तरी त्या लेकीकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घेतात. एकच पान. सहा महिन्यांनी मुलगी शाळेत परतते तेव्हा अक्षरे विसरलेली नसतात. आणि त्या पानाच्या वेळी अंगाचा शीण अर्धा होतो, असेही त्या म्हणाल्या. त्यांनी दासोपंतांचे नाव ऐकले नसेल. पण एका पैशाची शाई म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळले आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करू या. प्रत्येकाने एकच लहान गोष्ट ठरवावी. मोठी नको आणि दोन नकोत. अभ्यासाचे एक पान, आजीच्या पायाला तेल, जमाखर्चाच्या दोन ओळी, कुटुंबात एकत्र म्हटलेली दहा मिनिटांची जपमाळ, काहीही. तिची वेळ ठरवावी आणि मनाला न विचारता ती करावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नये, फक्त पुन्हा सुरू करावे. रात्री झोपण्यापूर्वी, आत्मपरीक्षणाच्या वेळी, आजची शाई वापरली की नाही, एवढे स्वतःला विचारावे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर भेटाल तेव्हा मी विचारणार आहे. तुम्हीही मला विचारा. मीही एक ठरवले आहे.

आपला,
धर्मगुरू